बॅटरी बसते, पेट्रोल झाकतं



आपल्या बॅटरीच्या धंद्यात जुना माणूस शर्टावरून ओळखावा. ॲसिडने पडलेली भोकं जितकी जास्त तितका अनुभव दांडगा. त्या हिशेबाने मला या सभेचा अध्यक्ष केलं असेल तर माझी हरकत नाही. मी बोईसरला दुकान टाकलं तेव्हा ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या आणि दांडी-सातपाटीच्या बोटींच्या बॅटऱ्या यायच्या. बूच काढायचं, हायड्रोमीटर बुडवायचा. सहापैकी कुठला सेल मेलाय ते गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे दाखवायचं. वाद नाही. लिथियमच्या बॅटरीला बूच नसतं. आणि ती प्लग-इन हायब्रिड, म्हणजे चार्जिंग संपलं की पेट्रोलवर धावणाऱ्या, गाडीत असली, तर ती बसत चाललीय हे मालकाला वर्षानुवर्षं कळतच नाही.

मागच्या मे महिन्यात पालघरचे एक गृहस्थ अशी गाडी घेऊन आले. नोकरी तारापूर एमआयडीसीत. म्हणाले, "पूर्वी घरून कारखाना आणि परत घर, इंजिन तोंड उघडत नसे. आता परत येताना उमरोळीलाच घरघर सुरू होते." सर्व्हिस सेंटरला जाऊन आले होते. उत्तर मिळालं, "बॅटरी नॉर्मल आहे." किती टक्के नॉर्मल? ते कुणी सांगितलं नाही.

पण गृहस्थ अकाउंट्समधले. गाडी नवी घेतली तेव्हाच त्यांनी चार्जिंगच्या प्लगला वेगळा सबमीटर बसवला होता आणि वहीत नोंदी ठेवल्या होत्या. रिकाम्यापासून पूर्ण चार्जपर्यंत तेव्हा साडेआठ युनिट. आम्ही गाडी इंजिन सुरू होईपर्यंत फिरवली, त्याच मीटरवर लावली. सव्वापाच युनिटला चार्जिंग थांबलं. चार्जरमध्ये वाया जाणारी वीज दोन्ही वेळी सारख्याच प्रमाणात धरली, तर बासष्ट टक्के उरले. स्कॅनर नाही, लॅपटॉप नाही; वही आणि मीटर.

तोपर्यंत त्यांना पत्ता का लागला नाही? कारण गाडी कुठे बंद पडली नाही. निव्वळ विजेच्या गाडीची बॅटरी कमी झाली की माणूस चिल्हार फाट्यावर अडकतो, बोंब मारतो. इथे इंजिन चार किलोमीटर आधी सुरू होतं, एवढंच. वाढलेला खर्च पेट्रोलच्या बिलात जातो, आणि पेट्रोलचं बिल वाढलं की आपण शिव्या सरकारला देतो.

ही बॅटरी लवकर थकते तीही लहान असल्यामुळे. चाळीस युनिटची बॅटरी असलेल्या गाडीला तीसेक किलोमीटर म्हणजे सहावा-सातवा हिस्सा. या गृहस्थांच्या गाडीला तेवढ्यात चार्जिंगचा पूर्ण फेरा. वर्षाला तीनशे फेरे सहज. शिवाय रात्री अकराला प्लग लावायचा, दीड-दोनला बॅटरी भरायची, आणि सकाळी आठपर्यंत उकाड्यात तशीच काठोकाठ भरलेली उभी. लिथियमला उष्णता सोसत नाही आणि भरल्या पोटी उभं राहणंही सोसत नाही; इथे दोन्ही एकदम.

आत काय होतं ते आपल्या भाषेत सांगतो. लिथियमचे कण म्हणजे आपले डहाणू-चर्चगेट अप-डाउनवाले. चार्जिंगला एका टोकाला, म्हणजे ग्रॅफाइटकडे, गाडी चालताना दुसऱ्या टोकाला. ग्रॅफाइटवर पहिल्याच चार्जिंगला एक पातळ थर धरतो. तो हवाच, त्याच्याशिवाय बॅटरी टिकत नाही. पण तो जाड होत राहतो आणि त्यात काही पासधारक कायमचे अडकतात. गाडी वेळेवर सुटते, डबे तेवढेच, माणसं मात्र कमी. उन्हाळ्यात अडकणारे जास्त, आणि गाडी यार्डात उभी असली तरी अडकणं चालूच.

हे आपल्याकडचंच रडगाणं आहे असं नाही. २०१२ साली अमेरिकेत ॲरिझोनाच्या उन्हात निसान लीफ या विजेच्या गाडीच्या मालकांच्या डॅशबोर्डवरच्या, बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या पट्ट्या एकेक करून विझायला लागल्या. त्या बॅटरीला पाण्याने गार करण्याची सोय नव्हती. बोंबाबोंब झाली, आणि कंपनीला क्षमतेची वेगळी वॉरंटी द्यावी लागली: बारातल्या नऊ पट्ट्या पाच वर्षं टिकतील. उलट २०१०च्या शेव्हरोले व्होल्टने, ती तर प्लग-इनच, सोळा युनिटच्या बॅटरीतले दहा-साडेदहाच वापरायला दिले. बाकी राखीव. म्हातारपण त्या राखीवमध्ये मुरवलं. हुशारी म्हणून मी दाद देतो. पण गिऱ्हाइकाला खरा आकडा त्यातही दिसत नाहीच.

क्षमता कमी झाली म्हणून सांगण्यात लाज कसली? आपल्या शेजारी तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आहे, १९६९पासून. पहिल्या दोन अणुभट्ट्या प्रत्येकी २१० मेगावॉटच्या होत्या. तांत्रिक अडचणींमुळे त्या १६०वर आणल्या आणि कागदावरही १६०च लिहिलं. अणुभट्टीचं कमी झालेलं लिहिता येतं, मग गाडीच्या बॅटरीचं आपल्या बिलावर का नको?

माझं मागणं तेवढंच. सर्व्हिसला आलेल्या प्रत्येक प्लग-इन आणि विजेच्या गाडीच्या बिलावर तारीख, किलोमीटर आणि मोजलेले युनिट लिहा. जुनी गाडी विकायला काढणाऱ्याला तर आधी हाच आकडा विचारा. डीलर चिडतील. चिडू देत. आणि गिऱ्हाइकाला चार्जरचा टायमर लावून द्या, म्हणजे बॅटरी पहाटे भरेल, मध्यरात्री नाही. त्या गृहस्थांना टायमर लावून दिलाय; गेलेले अडतीस टक्के काही परत यायचे नाहीत, हेही त्यांना तोंडावर सांगितलं. चहा पाजून गेले.

आता बोलणं पुरे. मंडपाच्या मागे त्यांचीच गाडी उभी आहे. सकाळी दहाला मीटर शून्य करून प्लग लावलाय. फळ्यावर प्रत्येकाने आपला अंदाज लिहा, नावासकट. जेवण होईपर्यंत चार्जिंग थांबेल, मग सगळे मिळून मीटर वाचू.