कोंबडीच्या पिल्लाला सुई कोण टोचतं?

(नागपूरच्या जरीपटक्यातील उन्हाळी व्याख्यानमालेत पशुवैद्यक शाखेच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

बाहेर अजून झळा लागताहेत, तरी हॉल भरला आहे. आनंद झाला. सांगायची गोष्ट एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. मी बोलण्यात वाहवत जातो आणि वेळ संपते. ब्रॉयलरच्या पिल्लाला वाढीसाठी हार्मोनचं इंजेक्शन कोणी देत नाही. ते वाढतं ते स्वतःच्या शरीरातल्या हार्मोनवर, आपल्या वंशावर आणि खाद्यावर. ज्या सुईला आपण भितो ती सुईच नाही. ज्या औषधाबद्दल दुकानदाराला विचारायला हवं, ते मात्र आपण विचारत नाही.

(मागून : "सर, मग चाळीस दिवसांत दोन किलो कशी होते?")

बरोबर, प्रश्न हाच आहे. अंड्यातून निघालेलं पिल्लू साधारण ४० ग्रॅमचं असतं. आठवड्यात ते चौपट होतं आणि सहाव्या आठवड्यात दोन किलोच्या पुढे जातं. आपल्या आजीच्या परसातली गावरान कोंबडी वर्षभर दाणे टिपूनही तिथवर पोचायची नाही. म्हणून माणसाला वाटतं, यात काहीतरी काळंबेरं आहे.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एक सुंदर प्रयोग झाला. त्याचा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५७ आणि १९७८ सालचे वंश तिथे तसेच, निवड न करता जपून ठेवलेले होते. त्यांची पिल्लं आणि २००५ सालच्या बाजारातल्या वंशाची पिल्लं एकत्र वाढवली. खाद्य तिघांनाही एकच. ५६ व्या दिवशी वजनं केली : १९५७ चा पक्षी ९०५ ग्रॅम, १९७८ चा १८०८ आणि २००५ चा ४२०२. खाद्य तेच असताना वजन साडेचारपट! हा फरक पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचा आहे. अमेरिकेत १९४० च्या दशकात 'उद्याची कोंबडी' नावाची स्पर्धाच भरवली होती, तिथून या निवडीला वेग आला. आपल्याकडे डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज ही कोंबडीपालन कंपनी सुरू केली.

आता हार्मोनकडे येऊ. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वाढीचं हार्मोन सोडते. ते यकृताला सांगतं, यकृत आयजीएफ-१ नावाचं दुसरं द्रव्य सोडतं, आणि मग हाडं आणि स्नायू वाढतात. ही ग्रंथी काढली की पिल्लू खुरटतं. म्हणजे हार्मोन हवंच. पण ते बाहेरून दिलं तर? प्रयोगांत धडधाकट पिल्लांना ते रोज टोचूनही वाढीत फारसा फरक पडला नाही. त्याहून नवलाची गोष्ट ऐका : झपाट्यानं वाढणाऱ्या वंशाच्या पिल्लांच्या रक्तात हे हार्मोन हळू वाढणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं आहे. बुटक्या कोंबड्यांचा एक वंश आहे, त्यांच्या रक्तात हार्मोन भरपूर असतं. पण ते पकडणारा ग्राहीच बिघडलेला, म्हणून कोंबडी ठेंगणीच राहते. तेव्हा नुसतं हार्मोन ओतून काही होत नाही.

आणि हे हार्मोन प्रथिन आहे. खाद्यात मिसळलं तर पोटात पचून जातं. इन्सुलिनची गोळी का घेता येत नाही, हे इथल्या मधुमेही मंडळींना सांगायला नको. मग पाच हजारांच्या लॉटमधलं प्रत्येक पिल्लू हातात धरून पुन्हा पुन्हा टोचायचं? किलोमागे काही रुपये कमावणारा शेतकरी हे करेल? मी कुठल्याही कंपनीचा पैसा घेतलेला नाही, कधी घेणार नाही. मी बोलतोय ते पिल्लाच्या रक्तात काय चालतं, त्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, आम्ही फार्मवर सुई पाहिली आहे. खरं आहे. ती लसीची. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग; त्याची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून देतात, कधी मानेच्या कातडीखाली टोचतात. गम्बोरो या दुसऱ्या रोगाची लस पाण्यातून देतात. शेडच्या जाळीतून कोणीतरी एकदा ती सुई पाहिली आणि गावभर झालं.

हार्मोनचा विषय निघाला की मला बर्टहोल्डची आठवण आल्यावाचून राहत नाही. दोन मिनिटं घेतो. जर्मनीतलं ग्योटिंगन, १८४८ साल. बर्टहोल्ड नावाच्या प्राध्यापकानं सहा तरुण कोंबडे घेतले. दोघांची वृषणं काढून टाकली. ते गुबगुबीत, शांत झाले. तुरा फिका, आरवणं नाही, भांडण नाही. उरलेल्या चौघांपैकी दोघांचं एक वृषण काढलं आणि दुसरं जागेवरून तोडून पोटात मोकळं सोडलं. शेवटच्या दोघांची दोन्ही काढून त्यांतल्या एकेकाची अदलाबदल केली, याचं त्याच्या पोटात. लोकांना वाटलं असेल, आता हे सगळेच खच्ची होणार. पण हे चौघे तुरा मिरवत फिरायला लागले, आरवले, एकमेकांवर धावून गेले, कोंबड्यांच्या मागे लागले!

(हशा. समोरच्या रांगेतून : "नागपूरचेच असतील सर!")

असतील! पण पुढे ऐका, खरी गंमत पुढेच आहे. त्यानं पोट उघडून पाहिलं. वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, पण मज्जातंतू जुळलेले नव्हते. मग तुऱ्यापर्यंत निरोप गेला कशातून? रक्तातून. १८४९ मध्ये त्यानं चार पानी निबंध छापला, आणि पुढची कित्येक दशकं त्याची कोणी दखल घेतली नाही. 'हार्मोन' हा शब्द इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगनं लंडनमध्ये वापरला तो १९०५ मध्ये, तोही आजच्यासारख्या एका व्याख्यानातच. आज गावोगाव थायरॉइडची तपासणी होते, इन्सुलिन मिळतं. त्या साऱ्या शास्त्राच्या मुळाशी हे सहा कोंबडे आहेत. मी विद्यार्थ्यांना वर्गात हे शिकवायचो तेव्हा...

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं उरली आहेत. बरं.

एका ताईंचा प्रश्न लिहून आला आहे : मुली लवकर वयात येतात ते चिकनमुळे का? ताई, भीतीला एक खरं मूळ आहे, ते लपवणार नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकापासून कोवळ्या कोंबड्यांच्या मानेत डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल या कृत्रिम स्त्री-हार्मोनच्या गोळ्या बसवत. कोंबडा खच्ची न करताच मऊ आणि चरबीदार व्हावा म्हणून. हे स्टिरॉइडसारखं काम करणारं द्रव्य, ते पोटात पचून नष्ट होत नाही. १९५९ मध्ये कोंबड्यांसाठी त्याचा वापर तिथे बंद झाला. अफवा मात्र मागे राहिली. आणि मुली वयात येण्याचं वय युरोपात एकोणिसाव्या शतकापासून खाली येत गेलं, तेव्हा ब्रॉयलर जन्मलाही नव्हता. पोषण सुधारलं, शरीरावर चरबी वाढली, ही कारणं आधी पाहायला हवीत.

आता आपल्या नागपूरचं. पिल्लाच्या वाढीवर हार्मोनचा खरा खेळ बघायचा असेल तर मे महिन्यात शेडमध्ये जा. थायरॉइडचं टी-३ हे हार्मोन अंडं फोडून बाहेर येताना वाढतं. त्याच्याच जोरावर पिल्लू पुढे आपली ऊब आपण तयार करायला शिकतं. तोवर पिल्लांना ऊब देणाऱ्या ब्रूडरमध्ये पहिला आठवडा ३३ ते ३५ अंश द्यावे लागतात. तेच पिल्लू पाचव्या आठवड्यात, बाहेर ४५ अंश असताना, उष्णता टाकायला धडपडतं. मग टी-३ खाली येतं, ताणाचं कॉर्टिकोस्टेरॉन वर जातं, पक्षी चोच उघडून धापा टाकतो, खाणं सोडतो. वजन थांबतं, मरतूक वाढते. छपरावर तणस, बाजूंना ओली पोती, थंड पाणी, पहाटेचं खाद्य : आपला शेतकरी हे करतो तेव्हा तो पिल्लाची ग्रंथीच सांभाळत असतो. बाटलीतलं हार्मोन असतं तर त्याला एवढी धावपळ कशाला करावी लागली असती?

दोनच मिनिटं उरली आहेत, आणि ज्यासाठी आलो ते आता बोलतो. काळजी करायची तर अँटिबायोटिकची करा. पक्षी आजारी पडला तर औषध द्यावंच लागतं. पण धडधाकट पिल्लांना, वाढ चांगली व्हावी म्हणून, खाद्यातून थोडं थोडं अँटिबायोटिक देण्याची पद्धत जगभर होती आणि आपल्याकडेही आहे. त्यातून औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. २०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले. त्यांपैकी ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचा अंश निघाला. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी राखून ठेवलेलं औषध. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं त्याचा पशुखाद्यातला वापर बंद केला. कायदा असंही सांगतो की औषध दिल्यावर मांसासाठी ठरलेले दिवस थांबायचं, आणि तसा काळ निश्चित केलेला नसेल तर किमान २८ दिवस. चाळीस दिवसांच्या आयुष्यात २८ दिवस! हा नियम पाळायचा तर शेवटच्या चार आठवड्यांत असं औषध देताच येणार नाही.

म्हणून जरीपटक्यातल्या, नागपुरातल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. चिकनच्या दुकानात "हार्मोन दिलंय का?" असं विचारू नका. "शेवटचं औषध कधी दिलं होतं?" हे विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर त्याला फार्मवाल्याकडून विचारून आणायला सांगा. आणि ज्यांचे स्वतःचे शेड आहेत त्यांनी औषधाची तारीख वहीत लिहायला उद्यापासून सुरुवात करा.