कान्हेरीची पोढी आणि बोरिवलीचे जंगल



आपण कान्हेरीला जातो, लेण्यांना वंदन करतो, डबे उघडतो आणि अंधार पडायच्या आत परततो. बहुतेक लेण्यांच्या अंगणाशी खडकात खोदलेले पाण्याचे टाके असते, त्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी खडकातल्या बारीक चरांनी त्यात आणून सोडले आहे. तिथल्या शिलालेखांत या टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. उपासकांनी लेण्यांबरोबर पोढीही दान दिल्याचे त्यांत कोरलेले आहे. शंभराहून अधिक लेण्यांतील भिक्खूसंघ शतकानुशतके या पाण्यावर राहिला.

मुंबईला नळाचे पहिले पाणी १८६० साली मिळाले तेही याच डोंगरांतल्या विहार तलावातून. पुढे १८७९ साली तुळशी तलाव झाला. आज शहराला पाणी देणाऱ्या सात तलावांत हे दोन सर्वांत लहान. मग भातसा, वैतरणा असताना सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल राखायचे कशाला, असे विचारणारे भेटतात. त्यांचा हिशेब अपुरा आहे. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या नद्या याच डोंगरांतून आणि आरेच्या उतारांवरून निघतात. झाडांखालची माती पाऊस मुरवून घेते. तिथे सिमेंट आले की तेच पाणी एकदम खाली धावते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस कोणतेही जंगल अडवू शकले नसते, हे खरे. पण पाणी सर्वांत आधी मिठीकाठच्या सखल वस्त्यांत शिरले, म्हणजे कोणाच्या घरात, हे आपल्याला सांगायला नको.

जंगलाच्या बाजूने बोलताना दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. १९९७ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने उद्यानातील झोपड्या हटवण्याचे काम सुरू झाले. १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत नाव असेल त्यालाच पर्यायी जागा, तीही सात हजार रुपये भरून! नाका कामगाराने ते आणायचे कुठून? पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात दोन हजारांच्या आसपास झाडे तोडली गेली. त्याला मात्र विकास म्हटले गेले. उद्यान होण्याआधीपासून राहणाऱ्या वारली पाड्यांना तर दोन्हीकडून धास्ती. जंगल राखायचे तर नियमाचे माप झोपडीला आणि प्रकल्पाला एकच लागले पाहिजे, आणि ही मागणी आपल्यासारख्या संस्थांनीच लावून धरली पाहिजे. ती दुसरे कोणी करील असे मला वाटत नाही.

विद्यार्थ्यांना एक काम सुचवतो. कान्हेरीला एकदा पावसाळ्यात जा आणि पुन्हा मार्चमध्ये जा. कोणत्या पोढीत पाणी टिकले, कोणती आटली आणि कोणतीत प्लॅस्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या, ते वहीत लिहून आणा.