पेटीवरचे दोन पाहुणे

आमच्या शहापूर-मुरबाडकडे पेटी म्हणजे भजनाची. सप्ताह बसला की ती बाहेर निघते. मीही पेटी भजनातच शिकलो. मुसलमानाच्या मुलानं अभंगाला साथ करावी, याचं गावात कुणाला नवल नव्हतं. एका कोजागरीला मात्र मुरबाडला ऐन वेळी गवई आला नाही आणि मंडळी म्हणाली, "भाई, तुम्हीच तासभर एकटे वाजवा."

वाजवायचं काय? पाठ असलेली नाट्यपदं आणि भैरवी वाजवली असती तर टाळ्या ठरलेल्या. पण मनात अल्लादियाखाँसाहेब होते. १८९५ च्या सुमारास शाहू महाराजांच्या कोल्हापुरात आलेल्या या गवयानं सावनी नट, बसंती केदार, संपूर्ण मालकंस असे अनवट राग महाराष्ट्राला ऐकवले. केसरबाई आणि मोगूबाई या शिष्यांनी ते पुढे नेले.

पहिली अडचण वाद्याची. पेटीचे सूर जागच्या जागी पक्के, दोन सुरांमधली मींड तिच्यातून निघत नाही. अशाच आक्षेपांमुळे आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं, ते १९७१ मध्ये किलकिलं झालं. म्हणून ज्याचा जीवच झुलत्या गंधारात, तो दरबारी मी बाजूला ठेवला. ज्या रागाचं वेगळेपण एखाद्या वाढीव सुरात आहे, तो पेटीवर स्वच्छ कळतो.

दुसरी अडचण ऐकणाऱ्याची. अनोळखी राग एकदम पुढ्यात टाकला तर माणूस सतरंजीवरून उठतो. म्हणून आधी ओळखीचा मालकंस वाजवला. पाच सुरांचा, रिषभ-पंचम नसलेला. मींड राहिलीच, पण राग ओळखू आला. मग संपूर्ण मालकंस घेतला आणि गैरहजर असलेले ते दोन सूर हळूच आत आणले. दुधाच्या पातेल्यापाशी बसलेले म्हातारे भजनीबुवा मान वर करून म्हणाले, "भाई, घर तर तेच, पण हे दोन पाहुणे कोण आले?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. त्याचं कारण सांगतो. मी कविता लिहितो. काव्यवाचनाला गेलो की वर्षानुवर्षं एकच फर्माईश होते, ईद-दिवाळीची कविता म्हणा. ती मी मनापासून लिहिली आहे, म्हणतोही. पण मी भातलावणीवर लिहिलंय, आईच्या मोतीबिंदूवर लिहिलंय, मुंबईला पाणी देणाऱ्या आमच्या तालुक्यात उन्हाळ्यात येणाऱ्या टँकरवरही लिहिलंय. त्या कविता वहीतच राहतात. मालकंसाला पाच सूर पुरतात, माणसाला पुरत नाहीत.

त्या रात्रीनंतर मी एक नेम केला. वाचन असो की वादन, आधी लोकांचं आवडतं द्यायचं आणि त्याला लागूनच एक न मागितलेलं. तुम्हीही कधी एखाद्या कलावंताला विचारून पाहा, "तुम्ही सहसा वाजवत नाही, असं काही आहे का?" तो क्षणभर गप्प होईल. मग पेटी पुढे ओढून घेईल.