काळ्या दगडाची गिट्टी कशी होते?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मी सिव्हिलचा पदविकाधारक, नोकरी शासनाच्या बांधकाम खात्यातली. म्हणून साहित्य-संगीताऐवजी आपल्या रोजच्या वस्तूवर बोलतो. ती वस्तू म्हणजे गिट्टी. पलीकडे जळगाव-भुसावळला तिलाच खडी म्हणतात.

घराचा स्लॅब, रेल्वेचा रूळ, इंदूर-इच्छापूर रस्ता, सगळे तिच्यावरच उभे आहे. किती लागते, त्याचा साधा हिशेब करू. एक किलोमीटर लांब, सात मीटर रुंद रस्ता आणि गिट्टीचा पंचवीस सेंटीमीटरचा थर. हे झाले १,७५० घनमीटर, म्हणजे दाबून बसल्यावर जवळपास ३,८५० टन. सोळा टनांचा डंपर धरला तर २४० फेऱ्या, आणि ह्या फक्त एका थराच्या.

हा माल येतो आपल्या काळ्या दगडातून. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. असीरगड ज्या सातपुड्यावर उभा आहे, तोही याच दगडाचा. चांगला काळा दगड आपल्या नेहमीच्या एम-२५ काँक्रीटच्या चौपट-पाचपट दाब सहज सोसतो. मग तो फुटतो कसा? दगड दाबाला कणखर, पण ताणाला कच्चा असतो. दोन बाजूंनी दाबला की मधोमध ताण पडतो आणि तो तडकतो. क्रशरचे सगळे गणित एवढ्यावर आहे.

पूर्वी हे काम हातोडीने होई. रस्त्याच्या कडेला बसून बायामाणसे दिवसभर दगड फोडत. यंत्र काढले अमेरिकेतल्या एली व्हिटनी ब्लेक यांनी. त्यांच्या गावच्या रस्त्यासाठी खडी हवी होती, त्यातून हा विचार सुरू झाला आणि १८५८ साली पेटंट मिळाले. आपल्या कापसाच्या गावाला एक गंमत सांगतो : कापसाचे जिनिंग यंत्र काढणारे एली व्हिटनी हे या ब्लेकचे मामा-काकांपैकीच. सरकी वेगळी करणारे आणि दगड फोडणारे यंत्र एकाच घरातले!

पहिले यंत्र जॉ क्रशर. ते अडकित्त्यासारखे समजा. एक जबडा स्थिर, दुसरा पुढे-मागे हलणारा. वर तोंड रुंद, खाली अरुंद. दगड चेपत चेपत खाली सरकतो आणि खालच्या फटीएवढा झाला की बाहेर पडतो. जबडा अर्धा वेळ दाबतो, अर्धा वेळ मागे जातो. त्या रिकाम्या वेळातली ताकद मोठी चाके साठवून ठेवतात. जबड्याच्या मागे टॉगल प्लेट असते. ती मुद्दाम कमजोर ठेवतात. चुकून लोखंडाचा तुकडा आत गेला तर ती मोडते आणि महाग यंत्र वाचते. घरातल्या फ्यूजसारखेच. जबड्यांच्या प्लेटा मँगनीज पोलादाच्या असतात. मार खाईल तितके ते वरून कठीण होते.

एका यंत्रात दगड साधारण चौथ्या ते सहाव्या हिश्शापर्यंतच बारीक होतो. म्हणून पुढे कोन क्रशर लागतो. त्यात एक शंकू बाहेरच्या भांड्यात डुलत फिरतो, जणू उखळात गोल फिरणारे मुसळ. तिसरे यंत्र दगड वेगाने भिरकावते आणि दगडावर दगड आपटून फोडते. यातून दाणा गोलसर होतो आणि वाळूही करता येते. शेवटी चाळण्या : ४०, २०, १० मिलिमीटर आणि खाली चुरी. जाड राहिलेला माल पुन्हा क्रशरमध्ये जातो.

चपट्या गिट्टीपासून सावध राहा. ती रोलरखाली मोडते, काँक्रीटमध्ये पोकळी ठेवते आणि सिमेंट जास्त खाते. मूठभर माल हातात घेतला तरी पापडासारखे तुकडे ओळखू येतात.

आता मुख्य गोष्ट, धुळीची. आपल्याच राज्यातल्या झाबुआ-अलीराजपूरकडची आदिवासी मंडळी गुजरातेत क्वार्ट्झ दळायच्या कारखान्यांत गेली आणि सिलिकोसिस घेऊन परतली. २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. या रोगावर औषध नाही. आपल्या काळ्या दगडात मुक्त सिलिका क्वार्ट्झपेक्षा फारच कमी, हे खरे. पण म्हणून ही धूळ निरुपद्रवी नाही. रोज बारा तास ती छातीत जाणाऱ्या मजुराला ते विचारा. केळीच्या पानावर तिचा थर बसला की पानाला ऊन मिळत नाही, ते शेतकऱ्याला विचारा.

उपाय मात्र साधे आहेत. जबड्याच्या तोंडाशी, चाळणीवर आणि पट्ट्यावरून माल पडतो तिथे पाण्याचे फवारे. चाळणीला पत्र्याचे झाकण. वाऱ्याच्या बाजूला भिंत आणि झाडे. आतल्या रस्त्यावर पाणी. यंत्रापासून तीन ते दहा मीटरवर हवेत दर घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त धूळ नको, असा नियमही आहे. पण पंपाचे वीजबिल वाचवायला पहिला बंद होतो तो फवाराच. टॉगल प्लेट मोडून यंत्राला वाचवते. माणसासाठी तशी प्लेट कुणी बसवलेली नाही. त्याच्यासाठी तो फवाराच आहे.

आपल्यात ठेकेदार आहेत, घर बांधणारे आहेत, केळीवाले आहेत. गिट्टी घेताना भाव विचारतो, तसे आणखी एक विचारू या : "फवारे चालू असतात का?" गिऱ्हाइकाने विचारलेला प्रश्न दुकानदार लक्षात ठेवतो. दहा जणांनी विचारले तर पंप चालू होईल.

एवढे बोलून मी थांबतो. गणपती बाप्पा मोरया!