आधी काट्याचा धडा



 कोळशाच्या खाणी आणि कऱ्हांडल्याचे जंगल यांच्या सोबतीने राहणाऱ्या आमच्या उमरेड गावात तीन दिवस खेळाडूंच्या उडीच्या मोजमापावर चर्चा होणार, याचा मला फार आनंद आहे.

काट्याचे महत्त्व इथे कोणाला सांगावे लागत नाही. कोळशाचा ट्रक रिकामा तोलतात, मग भरलेला. मिरची तोलण्याआधी काट्याचा धडा करून घ्यायचा, हे आमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही ठाऊक. खेळाडूची उडी मोजताना मात्र आपण हा धडा विसरतो.

मी शिक्षक असताना मुलांच्या बोटांना खडू लावून भिंतीवर उडीची खूण घेत असे. डडली सार्जंट यांनी 1921 मध्ये मांडलेल्या चाचणीचेच हे एक रूप. व्हॉलीबॉलच्या निवडीत एका मुलाला मी दोन सेंटिमीटरसाठी वगळले. आठवड्याने त्याला पुन्हा उडी मारायला लावली, तर खूण तीन सेंटिमीटर वर. एका आठवड्यात त्याचे पाय बदलले नव्हते. माझ्या मोजमापातच तेवढा फरक पडत होता. ती रुखरुख अजून जात नाही.

आता पाय उचलल्याची आणि टेकल्याची वेळ टिपणारी चटई आली, हवेतल्या वेळेवरून उंची काढता येते. 0.60 सेकंद म्हणजे 44 सेंटिमीटर, 0.62 म्हणजे 47. उतरताना गुडघे जरा दुमडले की एवढा फरक सहज पडतो.

अव्वल खेळाडूंच्या बाबतीत प्रश्न आणखी नाजूक आहे. शाळकरी मुले आणि राष्ट्रीय खेळाडू एकत्र मोजले, तर दोन दिवसांच्या आकड्यांचा सहसंबंध उत्तम येतो, कारण त्यांच्यातले अंतरच मोठे असते. फक्त अव्वल खेळाडू घ्या: अंतर आकसते, मोजमापातली चूक तेवढीच राहते आणि सहसंबंध घसरतो. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, चूक सेंटिमीटरमध्ये सांगा. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे 2025 मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत 2.28 मीटर उंच उडी मारून सहावा आला. त्या पातळीवर दोन सेंटिमीटरमागे वर्षांची मेहनत असते.

उद्या सकाळी आमच्या मुलांच्या उड्या मोजल्या जातील. परवा त्याच वेळी, त्याच जमिनीवर, हात कमरेवर ठेवूनच पुन्हा मोजा. दोन्ही दिवसांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मुलांनाही पाहू द्या.