मृत्युपत्राचे साक्षीदार

वावराच्या वादात मृत्युपत्र पुढे आले की घरच्यांचे पहिले वाक्य ठरलेले असते, "वकीलसाहेब, रजिस्टर केलेले आहे ना!" शिक्का, फोटो, अंगठा, सगळे जागच्या जागी असते. मग मी विचारतो, यावर साक्षीदार म्हणून सह्या करणारे दोघे कुठे आहेत? तिथे सगळे एकमेकांकडे पाहू लागतात.

खरे तर मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही आणि नोंदणीचीही सक्ती नाही. साध्या वहीच्या पानावर लिहिले तरी चालते. लागतात ते दोन साक्षीदार. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925, कलम 63. लिहून देणाऱ्याने सही किंवा अंगठा केलेला साक्षीदाराने पाहिलेला असावा, किंवा 'ही सही माझीच' असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि मग त्याच्यासमोर स्वतः सही करावी. (मुस्लिम कुटुंबांना हे कलम लागू नाही, त्यांचे नियम वेगळे आहेत.) पुढे वाद झाला तर दोघांपैकी एकाने तरी कोर्टात येऊन हे सांगावे लागते. रजिस्ट्रारचा शिक्का त्याच्या वतीने बोलत नाही.

आपल्या वऱ्हाडात ही गोष्ट जास्त नडते. मुंबई शहरात हिंदूंच्या मृत्युपत्राला दीर्घकाळ प्रोबेटची सक्ती होती, त्यामुळे माणूस गेल्यावर लवकरच साक्षीदारांची गाठ कोर्टाशी पडे. अकोला-अमरावतीकडे ती सक्ती नव्हती. कागद ट्रंकेत राहतो, तलाठ्याकडे फेरफार होतो, सातबाऱ्यावर नाव चढते आणि सगळ्यांना वाटते, झाले. पण फेरफार म्हणजे मालकीचा निवाडा नव्हे. दहा-बारा वर्षांनी जमिनीचा भाव वाढतो तेव्हा कोणीतरी दावा टाकतो. तोवर साक्षीदार कुठले सापडायला!

मूर्तिजापूरकडचे एक प्रकरण सांगतो. सासऱ्याने स्वकष्टाचे चार एकर विधवा सुनेच्या नावे लिहून दिले होते. शेवटची सात वर्षे त्यांचे सगळे तिनेच केले होते. साक्षीला घेतले कोण, तर कचेरीच्या ओट्यावर बसलेले दोन ओळखीपाळखीचे. अकरा वर्षांनी दोन्ही दीर कोर्टात गेले. एक साक्षीदार वारला होता. दुसरा मोठ्या मुश्किलीने सुरतेत सापडला. तो आला आणि म्हणाला, "सही माझीच आहे, पण म्हातारबांनी माझ्यासमोर केली का, ते काही आठवत नाही." अशा वेळी दुसरा पुरावा देता येतो, पण द्यायला कोणी उरलेच नव्हते. मृत्युपत्र टिकले नाही. चार एकरांऐवजी तिच्या हाती तिसरा हिस्सा आला, एक एकर तेरा गुंठे.

महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात डिसेंबर 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. एक साक्षीदार आला, पण दुसऱ्याने सही कशी केली हे त्याच्याकडून सिद्ध झाले नाही. दुसरा हयात असून त्याला बोलावलेच नव्हते. मृत्युपत्र अमान्य झाले.

म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान घ्या. गावातला शिक्षक, सोसायटीचा सचिव, नेहमीचा डॉक्टर असा, ज्याचा पत्ता सहज लागेल. डॉक्टर असला तर शुद्धीत असल्याचा दाखलाही तोच देईल. ज्याला जमीन मिळणार त्याला साक्षीला घेऊ नका, कागद लिहिण्यातही त्याची धावपळ नको. लाभ घेणाराच पुढे पुढे करीत असेल तर कोर्टाला संशय येतो, आणि तो त्यालाच दूर करावा लागतो. दोन्ही साक्षीदार वारलेच, तर त्यांच्यापैकी एकाचे अक्षर आणि लिहून देणाऱ्याची सही ओळखणारा माणूस लागतो. तेव्हा बँकेचे, सोसायटीचे जुने सह्यांचे कागद रद्दीत घालू नका.

जाता जाता मुखत्यारपत्राबद्दल. वडील गेल्यावरही ते घेऊन तहसीलमध्ये फिरणारी मुले मी दर हंगामात पाहतो. देणारा गेला की साधे मुखत्यारपत्र त्याच क्षणी संपते. त्यावर नंतर केलेली विक्री हे नव्या भांडणाचे बियाणे.

कागद घरात ठेवायची धास्ती वाटत असेल तर मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतो. हयातीत तो परत घेता येतो, आणि मृत्यूनंतर अर्ज केल्यावर निबंधक तो उघडतात. मात्र पाकीट तिथे आहे हे घरात एकाला तरी सांगून ठेवा. आणि दोन्ही साक्षीदारांचे पत्तेही त्यालाच द्या.