बांधाचा चौकीदार



अंबाझरी म्हटली की बाग आणि नौका आठवतात; पण ती सारी शोभा एका जुन्या मातीच्या बांधाच्या जिवावर आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव सांडला आणि पाणी खालच्या घरांत शिरले.

मग हौसेखातर बांधलेल्या खासगी तळ्यांचे काय? २०२१ चा धरण सुरक्षा कायदा दहा मीटरांहून ठेंगण्या बांधांना लागूच नाही.

पायथ्याशी झिरपणारे पाणी गढूळ झाले की आतली माती वाहू लागली, हे ओळखतो रोज फिरणारा चौकीदार. रत्नागिरीकडील तिवऱ्याच्या गावकऱ्यांनी गळती आधीच कळवली होती. २ जुलै २०१९ च्या रात्री धरण फुटले.

म्हणून चौकीदाराला कायम नोकरी द्या, वही द्या, आणि त्या वहीवर मालकाची रोज सही घ्या.